वावर पडीक राहिलं ते साल

जमलेल्या आयाबायांनो, वडीलधाऱ्यांनो,

या शोकसभेत मला उभं केलंत खरं, पण काय बोलू? सरपंच म्हणाले, कांताबाई, तुम्ही घरच्या, शेवटी तुम्ही बोला. घरच्या! मी गिरजाबाईंची कोण, हे या गावात लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी आजवर चारचौघांत ते कोणी बोललेलं नाही. आज इतके जण बोलले, सगळे तिथं येऊन थोडं थांबले आणि पुढं गेले. तेव्हा मीच बोलते.

मी त्यांची सवत.

आता बरं वाटलं. आता बोलता येईल.

बालवाडीत पोरांना गाणी शिकवते मी. पण मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नाही. ‘त्या’ म्हणायचं असं ठरवून आले होते, तेही जमणार नाही. घरात मी तिला मोठी म्हणायची, इथंही मोठीच म्हणते. रागावू नका.

आत्ता कोणी तरी म्हणालं, त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. नाही हो. असं म्हणू नका. तिच्यामागं खोटं कायले बोलायचं? मी या घरात आले तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून मला आणलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं. पहिली काही वर्षं ती माझ्याशी भिंतीकडं पाहून बोलायची. गूळ लपवून ठेवायची. माझ्या हातची भाकर कच्ची आहे म्हणायची, आणि खरंच कच्ची असायची. मंदा झाली तेव्हा तिनं पोरीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘नाक तं तुयासारखं नाई, बरं झालं.’ अशी ती. मग त्याच पोरीला कडेवर घेऊन दिवसभर वावरात. सुमी झाली, तीही तिच्याच कडेवर. पोरी तिला मोठीमाय म्हणायच्या आणि मला नुसती माय.

वावर तिचं होतं. कागदावर आमच्या मालकांचं, भावाभावांच्या वाटणीत आलेलं. पण कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं अंबाडी फुटते, ते सगळं तिला ठावं. आंजीच्या शिवेला लागून आपल्या गावची काळी जमीन, तुम्हाला सांगायला नको. मालकांना सगळीकडं कापसाची पऱ्हाटी लावायची असे. दरवर्षी पेरणीच्या तोंडाशी दोघांचं भांडण ठरलेलं. ती म्हणायची, ‘कापूस सिंदीच्या बजारले जाते. ज्वारी चुलीवर येते.’ आणि भांडून भांडून ज्वारीचा पट्टा काढून घ्यायची. त्यातच तूर, बरबटी, कडेच्या धुऱ्यावर अंबाडी. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव काय झालं तुम्ही पाहिलंत. आमच्या घरी त्या साली कण्या का होईना, पण चूल पेटत होती. ती तिच्या पट्ट्यावर.

मग मालक गेले. पायात काटा मोडला, धनुर्वात झाला, आणि गेले.

आता पुढचं मी सांगणार आहे ते नामदेवभाऊजींबद्दल आहे. मालकांचे धाकटे भाऊ. ते इथं बसलेत, खांबाजवळ. आज सकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. म्हटलं, भाऊजी, मी सगळं सांगणार. ते म्हणाले, ‘सांग. मी तिथंच बसतो.’

तर सांगते.

तेरवी झाली आणि भाऊजी घरी आले. पाटावर बसले. म्हणाले, ‘वहिनी, वावराचं नाव आता तुमच्यावर चढते. पण बाईमाणसानं वावर कसं कराचं? तुम्ही हक्क सोडून द्या, अंगठा द्या. जल्मभर तुमचं दोन टाइमचं जेवण माया घरून.’

मोठी म्हणाली, ‘अन् हे कांता? अन् पोरी?’

‘ते कायद्यात कोणीच नाई. पहिली बायको जिती असताना आणलेली. तिचा बाप हाय, भाऊ हाय. ते पाहून घेतील.’

मी दाराआड उभी होते. सुमी माझ्या कडेवर. मला वाटलं, झालं. ही आता अंगठा देते. कशाला नाही देणार? मी तिची कोण? तिच्या उरावर आणून बसवलेली बाई. ती हो म्हणाली असती तर गावात कोणी तिला नाव ठेवलं नसतं.

मोठी म्हणाली, ‘भाऊजी, तुमच्या घरी मले वाढणारी तुमची बायको. तिनं एखाद्या दिवशी हात आखडला, तं मी कोणाले सांगू? दोन टाइमचं जेवण कोणाच्या मर्जीनं खाणं मले जमत नाई.’

मग म्हणाली, ‘अन् कांताले काढून दिलं तं मी भांडू कोणासंग?’

भाऊजी उठले. दाराशी जाऊन म्हणाले, ‘मंग पाहू नाव कसं चढते ते.’

त्यांनी तलाठ्याकडं हरकत घेतली. तक्रार चालू झाली. वारस कोण, पोरींचं काय, वाटणी पक्की होती की तोंडी, एकातून दुसरं निघत गेलं. आणि गावात सांगितलं की फेरफार होऊन नाव चढत नाही तोवर त्या वावरात कोणी पाय टाकायचा नाही. टाकला तर गुन्हा होईल. बैलजोडी मागायला गेलो तर माणसं म्हणाली, ‘काकू, आम्हाले त्यात ओढू नका.’ तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, प्रकरण चालू आहे. एवढंच. प्रकरण चालू आहे. आम्ही त्याचा अर्थ काढला, की पेरायचं नाही.

पाऊस चांगला झाला हो त्या साली! आजूबाजूची वावरं हिरवी झाली आणि आमचं पडीक. गवत, कुंदा, तरोटा. मोठी रोज धुऱ्यावर जाऊन उभी राहायची, आत पाय टाकायची नाही. आपल्याच वावराच्या कडेला, परक्याचं ढोर उभं राहतं तशी. पलीकडं तण निंदायला आलेल्या बाया तिच्याकडं पाहायच्या आणि मान खाली घालायच्या. त्यातल्या काही इथं बसल्या आहेत.

पोळ्यापर्यंत घरातलं पुरलं. पुढं आम्ही दोघी लोकांच्या वावरात निंदायला, वेचायला गेलो, रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला गेलो. पण विकत आणलेली ज्वारी आणि वावरातून आलेली ज्वारी यांत फरक असतो, बायांना माहीत आहे. विकतची मोजून शिजते. कण्या पातळ होत गेल्या. तरोट्याची भाजी, नुसती मीठ घातलेली. मोठी म्हणायची, मले भूक नाई. मी म्हणायची, मलेही नाई. दोघी एकमेकींना खोटं बोलायचो आणि पोरींना वाढायचो. तरी पुरत नव्हतं.

सुमी लहान होती. तिला अजून नीट बोलता येत नव्हतं. ‘भाक’ म्हणायची. भाकर नाही, भाक. हिवाळ्यात तिला हगवण लागली. तशी मंदालाही लागली होती, चार दिवसांत उठून बसली होती. सुमी उठली नाही. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. आम्ही गाडी जुंपवून सेवाग्रामच्या दवाखान्याकडं निघालो. मोठीच्या मांडीवर होती ती. दुपारची वेळ. मोठी तिच्याशी बोलत होती, दोन्ही बाजूंची वावरं दाखवत होती. ‘ते पाह्य तूर. ते पाह्य गहू.’ मग बोलायची थांबली. गाडी चालतच होती. मी विचारलं, काऊन व? ती म्हणाली, ‘गाडी फिरवाले सांग.’

थोडं पाणी द्या मला.

पुढच्या उन्हाळ्यात सुनावणी लागली. साहेब वर्ध्याहून आले होते. बरा माणूस होता, वाईट नव्हता. त्यांनी कागद पाहिले, भाऊजींना दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले, यात अडचण काय आहे? वाटणी आधीच झालेली आहे. या विधवा आहेत, यांचं नाव लागतं. हरकत फेटाळली. इतकं सोपं होतं ते. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, ‘बाई, मागच्या साली वावर पडीक का ठेवलं?’

मोठी म्हणाली, ‘साहेब, फेरफार झाला नव्हता न.’

ते म्हणाले, ‘त्याचा पेरणीशी काय संबंध? ताबा तुमचाच होता. पेरलं असतं तरी चाललं असतं.’

आणि त्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आम्ही बाहेर आलो. नाव चढलं होतं. मंदा उड्या मारत होती. मोठी कडुनिंबाखाली बसली ती उठेचना. मी म्हटलं, चाल न, मोठे. गावाच्या शिवेत आलो तेव्हा ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘कांते, चाललं असतं.’

मंडळी, आजच्या सगळ्या भाषणांत गिरजाबाईंनी लढून वावर मिळवलं असं आलं. मिळवलं, खरं आहे. पण त्यानंतर मी जिच्यासोबत राहिले, ती बाई जिंकलेली नव्हती. भाकर थापता थापता तिचा हात थांबायचा. ‘चाललं असतं.’ शेणाचा पो हातात घेऊन उभी राहायची. ‘चाललं असतं.’ मी जवळ आहे की नाही याचीही तिला शुद्ध नसायची. त्या साहेबाला आपण काय बोलून गेलो हे कधी कळलंही नसेल. तिला मात्र ते दोन शब्द लागले ते लागलेच.

त्या मिरगाला आम्हाला बैल दिले ते यशोदाबाईंनी. बुद्धविहाराच्या मागं राहतात त्या, आमच्या धुऱ्यालगतच त्यांचं वावर. भाऊजींच्या भीतीनं आमच्या भावकीतला एकही माणूस आला नाही. यशोदाबाई बैल घेऊन धुऱ्यावर उभ्या राहिल्या आणि मोठीला म्हणाल्या, ‘उतर व गिरजे खाली. तुयं वावर हाय.’ मोठी वर्षभरानं वावरात उतरली. बरंच वावर ज्वारीनं पेरलं. पऱ्हाटी नावापुरती. लोक हसले. हिवाळ्यात घरातली धान्याची ढोली भरली, आणि ज्यांच्या घरी नुसता कापूस होता ते टोपली घेऊन आमच्या दारात आले. तिनं कोणाला रिकामं पाठवलं नाही. पण म्हणून ती हसली का? नाही.

ज्वारी डोक्याच्या वर गेली की ती बदलायची. भर दुपारी वावरात कोणी नसतं, वारा नसतो, आणि तरी मधेच एखादी ओळ हलते. डुक्कर असेल, तितर असेल. मोठी हातातलं काम टाकून तिकडं पाहत राहायची. पाखरं हाकलायला मंदा गोफण घ्यायची तर ती तिचा हात धरायची. ‘तिकडं नको मारू. तिकडं सुमी असंन.’ मंदा रडत घरी यायची. मी मोठीला समजावलं, मोठे, ती नाई आता. ती शांतपणे म्हणाली, ‘मले माहीत हाय. तरी नको मारू.’

मग मीही त्या बाजूला मारणं सोडलं.

आणि तुम्ही म्हणता तिनं समाजकार्य केलं! कार्य म्हणून नाही केलं हो तिनं. गावात, आजूबाजूला कुठं कोणाचा घरधनी गेला असं कळलं की ती उठायची. रडायला नाही जायची. त्या बाईच्या शेजारी बसायची आणि कानात सांगायची, ‘आधी पेर. मंग भांड. नावासाठी थांबू नको.’ मग तिला घेऊन तलाठ्याकडं. तलाठी तिला पाहून खुर्चीतून उठायचा म्हणतात. त्याच्या टेबलासमोर ती उभी राहायची आणि एकच विचारायची, ‘हे बाई पेरू शकते का नाई, ते आज सांगा. मोठ्यानं सांगा.’ त्याला मोठ्यानं सांगावं लागायचं. बस. एवढंच तिचं कार्य. कोणाच्या घरचं वावर एक सालही पडीक राहू नये म्हणून.

आता भाऊजींचं राहिलं.

त्यांची शोभा विधवा होऊन माहेरी आली ते तुम्हाला आठवत असेल. सेलूकडं दिली होती. तिच्या सासरच्यांनी म्हटलं, अंगठा दे, दोन टाइमचं जेवण देतो. हेच शब्द. हेच! ती पोराला घेऊन इकडं निघून आली. आणि एक दिवस सकाळी भाऊजी आमच्या अंगणात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात. म्हणाले, ‘वहिनी, माया पोरीचं नाव कसं चढवाव लागते?’

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातात पेटतं लाकूड होतं, खोटं नाही सांगत. मला वाटलं, आता मोठी याला उभा जाळणार.

मोठी म्हणाली, ‘या. बसा.’

भाऊजी भिंतीजवळ बसायला गेले. ती म्हणाली, ‘तिथं नोका बसू. तिथं सुमी बसे.’

भाऊजी तिथंच अर्धे वाकलेले राहिले. त्यांना कुठं बसावं कळेना. मग उंबऱ्यात बसले. मोठीनं मला हाक मारली, ‘कांते, भाऊजीले भाकर आण.’ मी आणली. त्याच वावराची ज्वारी. भाऊजींनी तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठीच्या नाही. ती म्हणाली, ‘खा. खाऊन घ्या. शोभाचं वावर पेरलं का?’

‘नाई. ते म्हणतात प्रकरण चालू हाय.’

‘आज पेरा. आत्ता निघा. मी येते.’

आणि ती गेली. पायात चप्पल सरकवली आणि भाऊजींच्या गाडीत बसली. शोभाचं वावर त्या साली पेरलं गेलं. नाव मागून चढलं. शोभा तिथं पुढं बसली आहे.

तिनं भाऊजींना माफ केलं का, मला विचारू नका. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘माफ कराले सुमीले विचाराव लागंन.’

अजून एकच सांगते.

शोभाच्या गावाहून परत आली, आणि त्यानंतर काही दिवस मोठी माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहायची. मी म्हटलं, काय झालं व? तर म्हणाली, ‘कांते, भाऊजीनं मले जे देऊ केलतं, तेच मी तुले देऊन राह्यली. दोन टाइमचं जेवण. माया मर्जीनं.’

मी म्हटलं, वेडी आहेस का? आपण काय परक्या आहोत?

‘मी मेली तं तू कोण?’

तोवर मला तिचा दम्याचा खोकला रोज ऐकू येत होता, आणि मी रोज तोच विचार करत होते. लाज वाटायची, पण करत होते. ही गेली की मी कोण? मंदा कोण? उद्या भावकीतला कोणीही येऊन म्हणेल, बाई, उठ.

ती मला आणि मंदाला वर्ध्याला घेऊन गेली. दम लागत होता, जिन्यावर मधेच बसली. बक्षीसपत्र करायचं होतं, अर्धं वावर मंदाला, अर्धं मला. लिहिणाऱ्यानं विचारलं, ‘या तुमच्या कोण?’ तो लेखणी धरून बसला होता. सवत लिहायला त्याला जड जात होतं, आणि दुसरा शब्द कोणाला सुचेना. मोठी म्हणाली, ‘मी आधी आली, हे मागून आली. एवढाच फरक हाय. तुमच्याजवळ असंन तो शब्द लिहा.’ त्यानं काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही. धीर होत नाही.

यंदा ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली आणि तिनं खाट धरली. मागल्या मंगळवारी, दुपारीच, मला म्हणाली, ‘दार उघडं ठेव.’ मी म्हटलं, ऊन येते. ‘येऊ दे. बाहेर कोणीतरी उभं हाय.’ मी पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. मी दार उघडंच ठेवलं. ती दाराकडं पाहत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. मी पाणी आणायला वळले. परत आले तोवर संपलं होतं.

मंडळी, अशा सभेच्या शेवटी उभं राहून शांत राहायची रीत आहे. आज बसूनच राहा. बाया दिवसभर उभ्याच असतात. डोळेही मिटू नका. फक्त प्रत्येकीनं आपापल्या मनात एवढं विचारा, की मी जे खाते ते कोणाच्या नावाचं आहे? पुरुषांनी विचारा, की आपण उद्या नसलो तर घरातल्या बाईला कोण उठवू शकेल? उत्तर मला सांगू नका. घरी घेऊन जा.

मोठे, तू रोज शेवटी जेवायचीस. आधी दारात येऊन विचारायचीस, कोणी राह्यलं का? आज मी पाहून आले. यशोदाबाई जेवल्या. मंदा जेवली, तिची पोरं जेवली. शोभा जेवली. भाऊजीही जेवले.

कोणी राह्यलं नाई, मोठे. आता तू जा.